सगळी भयमासिके एका माळेची नव्हेत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील अमेरिकी भयमासिकांवरचा लेख वाचला. या विषयाला मराठीत जागा मिळाली याचा आनंद आहे, म्हणूनच त्यातल्या चुका जास्त टोचल्या.

'वीअर्ड टेल्स' आणि 'टेरर टेल्स' यांना लेखात एकाच माळेत ओवले आहे. 'वीअर्ड टेल्स' १९२३ साली शिकागोत निघाले. त्यात भूत हे खरोखरच भूत असे. 'टेरर टेल्स' १९३४चे, न्यूयॉर्कच्या पॉप्युलर पब्लिकेशन्सचे. त्या संस्थेच्या हेन्री स्टीगर यांनी पॅरिसच्या ग्राँ गिन्योल नाट्यगृहातली रक्तरंजित नाटके पाहून हा साचा उचलला आणि आधी त्याच संस्थेच्या 'डाइम मिस्टरी' मासिकाच्या ऑक्टोबर १९३३च्या अंकात वापरला. तळघर, छळ, बांधून ठेवलेली नायिका, आणि शेवटच्या पानांत उलगडा: शाप वगैरे काही नाही, इस्टेटीवर डोळा ठेवून कुणीतरी रचलेला बनाव! लेख यालाच 'अतिमानुष परंपरा' म्हणतो. बहुतेक कथांत नेमके तेच नव्हते.

१९५४च्या आचारसंहितेने ही मासिके बंद पडली, हेही चूक. ती संहिता कॉमिक्ससाठी होती. 'टेरर टेल्स'सारखी छळकथांची मासिके १९४१च्या सुमारासच आटोपली होती. 'वीअर्ड टेल्स'च्या मूळ मालिकेचा शेवटचा अंक सप्टेंबर १९५४चा, त्यामुळे घोटाळा होतो. पण पेपरबॅक, कॉमिक्स आणि टीव्हीने त्याचा वाचक आधीच पळवला होता.

आणि लेखासोबतची ती चौकट! 'जुने अंक सेलोटेपने जोडा, लॅमिनेट करा' असा सल्ला छापण्याआधी कुणा ग्रंथपालाला विचारायचे होते. हा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातले लिग्निन हे लाकडातले द्रव्य पिवळे पडते, आम्लाने पान कडक होऊन घडीवर तुटते. सेलोटेपचा गोंद कागदात मुरतो आणि त्याचा तपकिरी डाग सहसा निघत नाही. लॅमिनेशनमध्ये आम्ल आतच कोंडले जाते, शिवाय प्लास्टिक पुन्हा सोडवता येत नाही. फाटलेल्या जागी पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ लावावी. अंक पॉलिएस्टरच्या पिशवीत, मागे आम्लरहित पुठ्ठा ठेवून, अंधाऱ्या कोरड्या कपाटात आडवा ठेवावा. माळ्यावर नको. गंजलेली पिन ओढून काढू नये, कागद तिच्याबरोबर येतो.

आपल्याकडच्या जुन्या रहस्यकथा आणि दिवाळी अंकही बहुतांशी अशाच कागदावर आहेत. वाचकांनी टेप हाती घेण्याआधी, पुढच्या रविवारी त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे