एचआयव्ही नेमका दडतो कुठे?

महोदय,

एचआयव्ही शरीरात ‘दडून बसतो’ असे बातम्यांत नेहमी छापून येते. कुठे, ते क्वचितच. सीडी-४ या प्रतिकारशक्तीच्या पेशीत इंटिग्रेज हे विषाणूचे विकर विषाणूच्या डीएनएच्या दोन्ही टोकांवरून दोन-दोन न्यूक्लिओटाइड (डीएनएचे सुटे घटक) छाटते आणि तो डीएनए थेट आपल्या गुणसूत्रात सांधते. जागाही वाटेल ती नसते: एलईडीजीएफ हे आपलेच प्रथिन त्याला चालू जनुकांकडे नेते. औषधे नव्या पेशींची लागण रोखतात, सांधलेला डीएनए काढू शकत नाहीत. म्हणून गोळ्या थांबल्या की बहुतेकांत काही आठवड्यांतच विषाणू परततो.

दडलेल्या विषाणूचा ‘साठा घटला’ अशा दाव्यांत खरी मेख मोजणीत असते. साध्या पीसीआर चाचणीमध्ये विषाणूच्या डीएनएच्या मोडक्या, म्हणजे नवा विषाणू घडवू न शकणाऱ्या, प्रतीही मोजल्या जातात, आणि उपचार घेणाऱ्यांत ९० टक्क्यांहून अधिक प्रती मोडक्याच असतात. प्रत अखंड आहे का आणि शेजारी कोणते जनुक आहे, हे दोन्ही वाचावे लागते. २०२० साली औषधांविना विषाणू आटोक्यात ठेवणाऱ्या ६४ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या अखंड प्रती बऱ्याचदा गुणसूत्रांच्या ओसाड, बंद भागांत सापडल्या. तिथून विषाणू सहसा डोके वर काढत नाही. आपल्या वार्ताहरांनी आकड्याबरोबर जागाही विचारावी.

– एक वाचक, पुणे