अंकाची खोट किमतीच्या आधी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात मी जुन्या ओळखीच्या एका संग्राहकाकडून इंद्रजाल कॉमिक्सचा एक मराठी अंक अठराशे रुपयांना घेतला. वेताळाचा, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमचा. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळ चहाच्या टपरीवर आम्ही भेटलो. भुरभुर पाऊस होता, त्यामुळे अंक प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर न काढताच वरून पाहिला, पैसे दिले आणि शहर बसनं नाशिकरोडला घरी आलो. बारा वर्षांची ओळख, बारा वर्षांचे व्यवहार. पिशवी फोडून बघायला हवी, असं मनातही आलं नाही.

रात्री जेवण झाल्यावर टेबलाचा दिवा लावून अंक उघडला. आतली पानं अस्सल होती, पिवळी पडलेली, कडेला ठिसूळ झालेली, जुन्या न्यूजप्रिंटचा तो वास येणारी. मुखपृष्ठावर मात्र हात अडखळला. पिनेजवळ गंजाचा तपकिरी डाग होता, पण तो पिनेपासून चांगला अर्धा सेंटिमीटर खाली. पिनेचा गंज पिनेलाच लागून पसरतो, सोडून कसा पसरेल? मी बोट फिरवलं, डाग कागदात मुरलेला नव्हता, तो छापलेला होता. कोणीतरी दुसऱ्या अंकाच्या मुखपृष्ठाची रंगीत झेरॉक्स काढली होती, त्या अंकावरच्या गंजासकट, आणि ती या अंकाला पिन मारून लावली होती.

नाशिकरोडच्या कितीतरी घरांसारखी माझीही सगळी नोकरी इथल्या सरकारी प्रेसमध्ये, म्हणजे छापखान्यात गेली. चौतीस वर्षं छापील कागद बघण्यात गेली. भिंग आजही उशाशी असतं. भिंगाखाली खात्री झाली. जुन्या छपाईत रंगांचे ठिपके सुटे सुटे दिसतात, त्यांच्या कडा शाबूत असतात. झेरॉक्समध्ये त्या ठिपक्यांवर मशीनचे स्वतःचे ठिपके बसतात आणि सगळं पिठूळ दिसतं. शिवाय जिथे घडी पडते तिथे टोनर, म्हणजे झेरॉक्सची रंगपूड, उडून पांढरी रेघ येते. अस्सल मुखपृष्ठावरही घडी पांढरी होते, पण तिथे कागदाचा तंतू वर आलेला असतो. इथे तंतू जागच्या जागी, नुसता रंगाचा पापुद्रा गेलेला.

मी सकाळी फोन केला. उत्तर आलं, "तुम्ही विचारलंच नाहीत."

संपादक महोदय, हे पत्र त्या तीन शब्दांबद्दल आहे. अठराशे रुपये मला जड नाहीत असं नाही, पेन्शनीत सगळंच मोजून मापून असतं. पण मला झोप लागली नाही ती त्या उत्तरामुळे. वस्तूत खोट आहे हे ज्याला ठाऊक आहे त्यानं ती सांगायची, की ज्याला ठाऊक नाही त्यानं विचारायची? आमच्या छंदात तरी हा प्रश्न पडायला नको होता.

हा छंद ज्यांना परका आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये सुरू झाली आणि १९९० मध्ये बंद पडली. वेताळ, मँड्रेक, आणि १९७६ पासून आबिद सुरतींचा बहादूर, केशरी कुडता आणि जीन्स घालून डाकूंशी लढणारा. हे सगळं मराठीतही निघत होतं आणि आम्ही ते वाचत मोठे झालो. आमच्या गल्लीच्या टोकाला एक भाड्याची लायब्ररी होती, दहा पैसे रोज. तिथले अंक दाभणानं टोचून जाड दोऱ्यानं शिवलेले असत, म्हणजे टिकावेत. ते टिकले नाहीत. पोरांनी फाडले, पावसाळ्यात भिजले, वाळवीनं खाल्ले आणि उरलेले दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीत गेले. वाचनालयांनी कादंबऱ्या जपल्या, नाटकं जपली. आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे, त्याचा मला अभिमान आहे. पण पोरांची चित्रांची पुस्तकं जपून ठेवायची असतात हे त्या काळी कोणाच्या मनातच आलं नाही. आज जे अंक शिल्लक आहेत त्यातले बरेचसे आमच्यासारख्यांच्या ट्रंकांमध्ये आहेत, आणि एका ट्रंकेतून दुसरीत जातात ते याच खरेदी-विक्रीतून आणि अदलाबदलीतून. या व्यवहारातला विश्वास गेला तर अंक हलायचेच थांबतील. मग जो तो आपल्या ट्रंकेवर बसून राहील, आणि त्याच्या मागे पोरं ते सगळं किलोवर घालतील.

व्यवहार कसा असावा हे मला कोणी शिकवलं ते सांगतो. पंचवटीतल्या एका निवृत्त शिक्षिका होत्या. भाऊ गेल्यावर त्यांना त्याच्या खोलीत कॉमिक्सचा गठ्ठा सापडला, आणि कोणीतरी माझं नाव सांगितलं म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी गेलो तर बाईंनी चटईवर एकेक अंक मांडून ठेवला होता आणि प्रत्येकात वहीच्या कागदाची एक चिठ्ठी. "पान १३-१४ नाही." "मागचं कव्हर चिकटपट्टीनं जोडलं आहे, चिकटपट्टी पिवळी झाली आहे." "मँड्रेकला भावानं निळ्या पेनानं दाढी काढली आहे, तीन पानांवर." एका चिठ्ठीत तर लिहिलं होतं, "शेवटच्या पानावर चहाचा डाग, तो माझ्याकडून पडला." बाईंना कॉमिक्समधलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. त्यांनी फक्त प्रत्येक पान उलटून बघितलं होतं. किंमत विचारली तर म्हणाल्या, "खोट मी सांगितली आहे, भाव तुम्ही सांगा." त्या दिवशी मला घासाघीस करता आली नाही. मनात होता त्याहून जास्तच भाव मी दिला. दाढीवाला मँड्रेक मी आजवर विकलेला नाही.

तेव्हापासून मी विकतो त्या प्रत्येक अंकात चिठ्ठी घालतो. तरीही माझ्या हातून एकदा चूक झालीच. सातपूरच्या एका इंजिनिअरला मी चांदोबाचा एक जुना अंक दिला होता, चिठ्ठीवर "पानं पूर्ण" असं लिहून. आठवड्यानं त्याचा फोन आला की विक्रम-वेताळाची गोष्ट मध्येच तुटते. मी पानं वरवर मोजली होती, आकडे वाचले नव्हते; दोन पानं पुढची मागे चिकटून आलेली होती आणि एक अख्खा कागद गायब होता. मी त्याच दिवशी सातपूरला गेलो, अंक परत घेतला, पूर्ण पैसे दिले. त्यानं चहा पाजला. आज तो माझा सगळ्यात जुना गिऱ्हाईक आहे.

हे कागदाचं गणित सगळ्यांनी समजून घ्यावं असं मला वाटतं. कॉमिक मध्यभागी पिन मारून बांधलेलं असतं. त्यातला एक कागद निघाला म्हणजे चार पानं जातात, दोन अंकाच्या पहिल्या अर्ध्यातली आणि दोन दुसऱ्या अर्ध्यातली. फक्त अगदी मधला कागद गेला तरच चारही पानं सलग जातात. म्हणून "फक्त दोनच पानं नाहीत हो" असं कोणी म्हटलं की अंकाच्या दुसऱ्या टोकाला त्याची जोडीदार पानं नीट बघा. ती बहुतेक वेळा सुटलेली, नुसती मध्ये सरकवून ठेवलेली असतात. पिना चकचकीत असतील आणि मधल्या पानावर गंजाचे जुने ठसे असतील तर पिना बदललेल्या आहेत. बदलल्या म्हणून बिघडत नाही, गंजकी पीन कागद खाते, ती काढलेलीच बरी. पण सांगा. कडा फार सरळ आणि ताज्या दिसत असतील, आणि चित्राची चौकट एका बाजूला पार कडेला गेली असेल, तर फाटकी कड झाकायला अंक कापलेला आहे. तेही सांगा. अमर चित्र कथा तर वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा छापली गेली, तिथे छापील किंमत बघा, जुन्या पुनर्मुद्रणाला पहिली आवृत्ती म्हणून भाव लावू नका.

अमेरिकेत या छंदात मोठा पैसा आहे. सुपरमॅन पहिल्यांदा अवतरला तो १९३८ चा अंक तेव्हा दहा सेंटला मिळायचा. त्याची एक उत्तम राहिलेली प्रत २०१४ मध्ये बत्तीस लाख डॉलरला गेली. ती गोष्ट पुनर्मुद्रणात कोणालाही वाचता येते, हे मोल त्या कागदाच्या अवस्थेचं होतं. तिथे २००० सालापासून एक त्रयस्थ कंपनी अंक तपासून त्याला अर्ध्यापासून दहापर्यंत दर्जा देते आणि कडक प्लास्टिकच्या पेटीत बंद करते. डागडुजी केलेल्या अंकाला वेगळ्या, जांभळ्या रंगाचं लेबल लागतं, म्हणजे दुकानात लांबूनही कळावं. आपण काही पाचशे रुपयांचा मराठी अंक अमेरिकेला पाठवणार नाही, आणि पेटीत बंद केलेलं कॉमिक वाचता येत नाही म्हणून मला ती पद्धत आवडतही नाही. पण त्या जांभळ्या लेबलामागचा विचार माझ्या बाईंच्या चिठ्ठीतलाच आहे.

काही मित्र म्हणतात, खोट सांगितली की भाव पडतो. पडतो, कधीकधी. नेहमी नाही. जुन्या नाशकात भांडीबाजाराच्या बाजूला एका वाड्यात राहणारा माझा एक स्नेही होता. सप्टेंबर २००८ च्या पुरात गोदावरी त्यांच्या तळमजल्यावर शिरली आणि पलंगाखालची ट्रंक भिजली. त्यानं एकेक अंक सुटा करून, पानांमध्ये टिपकागद घालून, पंख्याखाली आठ-दहा दिवस वाळवले. पानं लाटांसारखी झाली, खालच्या बाजूला पाण्याची रेघ कायमची राहिली. पुढे विकायला काढले तेव्हा त्यानं प्रत्येकावर पेन्सिलनं लिहिलं, "२००८ च्या पुरात भिजलेला." सगळ्यात आधी तेच गेले. घेणारा पुण्यात स्थायिक झालेला नाशिककर होता. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या किती वर पाणी होतं यावरून पूर मोजणाऱ्या गावातला माणूस, त्याला ती पाण्याची रेघच हवी होती. माझ्या स्नेह्यानं ते अंक इस्त्री करून, रेघ कापून विकले असते तर त्या माणसाला ते कधीच मिळाले नसते.

म्हणून माझ्या सगळ्या संग्राहक बंधू-भगिनींना हात जोडून विनंती आहे. भाव सांगायच्या आधी चार गोष्टी बोला: पानं मोजून आणि आकडे वाचून पूर्ण आहेत का, मुखपृष्ठ त्याच अंकाचं आणि अस्सल आहे का, पिना मूळच्या आहेत का, आणि कुठे काय चिकटवलं, कापलं किंवा रंगवलं आहे. चिठ्ठीवर लिहा आणि अंकासोबत द्या. आठ दिवसांत काही निघालं तर परत घ्या. झेरॉक्स मुखपृष्ठ लावणं हा गुन्हा नाही. मूळ मुखपृष्ठ गेलेल्या अंकाला अंगावर काहीतरी हवंच, नाहीतर पहिलं पान फाटतं. फक्त मागे कोपऱ्यात पेन्सिलनं "प्रत" असं लिहा. पाच सेकंदांचं काम आहे. आणि नवीन मुलं या छंदात येत आहेत, पहिल्या पगारातून बाबांच्या लहानपणीचा अंक शोधणारी. त्यांच्याकडे भिंग नाही आणि चौतीस वर्षांची नजरही नाही. त्यांनी काय विचारायचं हे त्यांना माहीत नसतं. त्यांना "तुम्ही विचारलंच नाहीत" म्हणू नका.

माझ्या त्या मित्रानं अंक परत घेतला नाही. मीही दुसऱ्यांदा फोन केला नाही. अंक काही दिवस कपाटात पडून होता. मग एका रविवारी ओझरचा एक मुलगा माझ्याकडे अंक बघायला आला, विशीतला. त्याला नेमकी तीच गोष्ट हवी होती, त्याच्या आजोबांनी त्याला तोंडी सांगितलेली. मी त्याला भिंग दिलं, दिव्याखाली तो डाग दाखवला, ठिपके दाखवले, मग आतलं अस्सल पान दाखवलं. अंकात चिठ्ठी घातलेली होतीच: "मुखपृष्ठ रंगीत झेरॉक्स. पिना नव्या. आतली पानं मूळ, पूर्ण." त्यानं ती दोनदा वाचली, मग खिडकीजवळच्या खुर्चीत बसून पूर्ण अंक वाचून काढला आणि चारशे रुपये काढून दिले. पुढे कधी विकलास तर चिठ्ठी काढू नकोस, एवढंच मी त्याला सांगितलं.

पत्राखाली माझं नाव छापू नये ही विनंती. माझ्या नावावरून आमच्यातल्या कोणालाही त्या मित्राचं नाव कळेल, आणि ते मला नको आहे.

आपला,
एक संग्राहक, नाशिकरोड