फॉस्टर केअर ही दत्तकाची मागची वाट नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेवारस बाळाची एखादी बातमी छापून आली की जिल्हा बाल संरक्षण कक्षातला फोन दोन-चार दिवस सतत वाजतो. ‘दत्तकाची यादी फार लांब आहे म्हणतात, तोवर फॉस्टरमध्ये एखादं तान्हं बाळ मिळेल का?’ हा त्यातला ठरलेला प्रश्न. त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. पण नुसते ‘नाही’ म्हणून फोन ठेवला तर खरोखर उपयोगी पडू शकणारी कुटुंबेही हातची जातात, म्हणून हे थोडे सविस्तर पत्र.

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल बाल कल्याण समितीच्या आदेशाने ठरावीक काळ दुसऱ्या कुटुंबात ठेवता येते; हेच फॉस्टर केअर. एक वर्षापर्यंतचे ते अल्पकालीन. त्यापुढचे दीर्घकालीन, आणि समिती दरवर्षी आढावा घेऊन ते मूल १८ वर्षांचे होईपर्यंत वाढवू शकते. ज्याला दत्तक देता येईल असे मूल दीर्घकालीन फॉस्टर केअरमध्ये द्यायचेच नाही, असे हेच कलम सांगते. त्यामुळे या योजनेतली मुले मुख्यतः सहा वर्षांवरची असतात: बालगृहात राहणारी, ज्यांना भेटायला कुणी येत नाही अशी, किंवा ज्यांचे आईवडील हयात आहेत पण आजारपण, व्यसन, तुरुंगवास अशा कारणांनी सांभाळू शकत नाहीत अशी. नाव, आडनाव, आठवणी, भाऊबहीण सगळे घेऊन येणारे मूल. भावंडे असतील तर शक्यतो एकत्रच ठेवायची, असेही कायदा म्हणतो. ‘आम्हाला त्यातली धाकटी चालेल’ या बोलीला तिथे जागा नाही.

आता पात्रता. फॉस्टर केअरच्या २०१६च्या मार्गदर्शक तत्त्वांत फक्त विवाहित जोडप्यांचा विचार होता. २०२४च्या सुधारणेने अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित, कायदेशीर विभक्त अशा एकट्या व्यक्तींनाही दार उघडले. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी, कोणालाही सांभाळता येते. एकट्या पुरुषाकडे मुलगी दिली जात नाही. एकट्या व्यक्तीचे वय किमान ३५ हवे. मूल ६ ते १२ वर्षांचे असेल तर कमाल ५५ आणि १२ ते १८ चे असेल तर ६०. जोडप्यासाठी दोघांच्या वयाची बेरीज किमान ७० हवी आणि संसार किमान दोन वर्षे स्थिर चाललेला हवा. स्वतःचे मूल असणे किंवा नसणे, दोन्ही आड येत नाही. नोंदणी आता दत्तकाप्रमाणेच ऑनलाइन होते, पण पुढचे सगळे काम जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फतच. म्हणून फॉर्म भरण्याआधी एकदा तिथे जाऊन यावे.

कागदपत्रांत ओळख, रहिवास, उत्पन्न, विवाहाची नोंद किंवा घटस्फोटाचा आदेश हे कुणालाही जमते. अडते ते वैद्यकीय दाखल्यापाशी आणि पोलीस पडताळणीपाशी. वैद्यकीय तपासणी फक्त नवराबायकोची नाही, तर त्या घरात राहणाऱ्या प्रत्येकाची लागते. त्यात क्षयरोग, एचआयव्ही व हिपॅटायटिस बी यांच्या चाचण्या येतात. घरातले आजोबा ‘मला काय झालंय?’ म्हणून बसून राहिले की फाइल तिथेच थांबते. पोलीस पडताळणीचा पत्ता आणि रहिवासाच्या पुराव्यावरचा पत्ता वेगळा असेल तरी तेच. भाड्याने राहणाऱ्यांनी हे आधी जुळवून घ्यावे. घर कोणाच्या नावावर आहे यापेक्षा मुलाला झोपायला, अभ्यासाला पुरेशी जागा आहे का, हे पाहिले जाते.

कागद पुरे झाले की समाजसेवक घरी येतात आणि गृह अध्ययन अहवाल तयार होतो. इथे लोकांचा मोठा गैरसमज असतो. घर रंगवून, नवा पलंग आणून, फराळाचे ताट मांडून ठेवतात. अहवाल लिहिणाऱ्याला वेगळेच हवे असते. शाळा सुटल्यापासून तुम्ही कामावरून येईपर्यंत मुलाजवळ कोण? ते झोपेल कुठे, आणि त्या खोलीत आणखी कोण झोपते? मुलाने खोटे बोलल्यावर, पैसे उचलल्यावर या घरात काय होते? नवरा आणि बायको यांना वेगवेगळे विचारले की उत्तरे पुष्कळदा जुळत नाहीत. एकाला मूल हवे असते, दुसरा हो ला हो करत असतो. दोघांची सारखीच तयारी नसेल तर तो अर्ज पुढे जाऊ नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. घरातल्या स्वतःच्या मुलांनाही आईबाबांसमोर न विचारता बाजूला बसवून विचारायला हवे. नवे मूल आल्यावर खोली, सायकल आणि आईचा वेळ यांची वाटणी त्यांनाच करावी लागते.

याच भेटीत विचारायचा सगळ्यात अवघड प्रश्न पुष्कळदा विचारलाच जात नाही: मूल परत द्यावे लागले तर? आईवडील असमर्थ ठरल्यामुळे मूल तुमच्याकडे आले असेल, तर समितीने कारणे नोंदवून मनाई केली नसेल तोपर्यंत त्यांना ठरावीक काळाने मुलाला भेटण्याचा हक्क आहे. ते सांभाळायला समर्थ झाले असे समितीला वाटले की मूल घरी जाऊ शकते. फॉस्टर पालक कायदेशीर आईवडील होत नाहीत. मुलाचे नाव, आडनाव बदलता येत नाही, वारसाहक्क निर्माण होत नाही. शिक्षण, आरोग्य, आहार यांची जबाबदारी मात्र पूर्ण तुमची. समितीने दरमहा पाहणी करावी अशी कायद्यात तरतूद आहे, आणि घर कमी पडते असे दिसले तर मूल दुसऱ्या कुटुंबात हलवले जाते. ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असे ज्यांना दर महिन्याला वाटेल, त्यांनी या वाटेला न गेलेले बरे.

पैशाबद्दलही घोळ आहे. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेखाली फॉस्टर केअरमधल्या मुलामागे दरमहा ४,००० रुपये मिळतात. महाराष्ट्रातली सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना वेगळी, रक्कम २,२५० रुपये. तिचा लाभ मोठ्या प्रमाणात एकल पालकांच्या आणि नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलांना होतो. एकीचा अर्ज दुसरीच्या टेबलावर गेला की महिने वाया जातात. मुलाचे बँक खाते आधारशी जोडलेले नसेल तरी रक्कम अडकते, तेव्हा आदेश हातात पडताच ते काम उरकावे. आणि हप्ता ठरल्या तारखेला येईल असे धरून घरखर्च मांडू नये. या रकमेशिवाय ज्याचा महिना निघत नाही, त्याच्याकडे मूल ठेवणे मुलाच्याच हिताचे नाही.

मूल घरी आल्यावर जे बिनसते ते बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांत. बालगृहात वाढलेले मूल उशीखाली चपाती दडवते, गादी ओली करते, पहिल्याच दिवशी ‘आई’ म्हणून गळ्यात पडते आणि दहाव्या दिवशी त्याच आईकडे पाठ फिरवते. दडवलेली चपाती ही चोरी नसते. पुढचे जेवण मिळेल याची त्याला खात्री नसते. रागावण्याऐवजी हात पोचेल अशा डब्यात रात्रीही खायला काही ठेवले की उशीखालचा साठा हळूहळू बंद होतो. जन्मदात्या आईची भेट झाल्यावर मूल दोन दिवस चिडचिड करते, जेवत नाही. फॉस्टर पालक लगेच ‘या भेटी बंद करा’ असा अर्ज घेऊन येतात. मूल रडते म्हणजे भेटीने बिघडते असे नाही. भेटीची वेळ, जागा बदलून पाहावी, समुपदेशकाशी बोलावे, पण भेटी थांबवणे हा शेवटचा उपाय. शाळेत प्रवेश घेताना पालकांचे आधार मागतात, तेव्हा समितीच्या आदेशाची प्रत द्यावी आणि हजेरीपटावर मुलाचे मूळ नावच राहू द्यावे.

ओळखीपाळखीने, समितीला न कळवता परक्याचे मूल ‘सांभाळायला’ घरात आणणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. अनाथ, सोडून दिलेले किंवा स्वाधीन केलेले मूल रीतसर प्रक्रिया टाळून दत्तक देणे-घेणे हा याच कायद्याच्या कलम ८० खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख दंड किंवा दोन्ही. पैसे देऊन घेतले तर कलम ८१ लागते आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. एकटे सापडलेले मूल दिसले तर १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवावे.

आता मूळ मुद्दा. २०२४च्या सुधारणेने फॉस्टर कुटुंबाला दोन वर्षांनंतर तेच मूल दत्तक घेता येईल असे ठरवले. आधी ही मुदत पाच वर्षांची होती. मूल तोवर कायदेशीररीत्या दत्तकयोग्य ठरले असेल तरच हे शक्य आहे, पण बाहेर बोलले जाते ते फक्त ‘दोन वर्षांनी आपलं होतं’ एवढेच. ज्याला परत जायला घर उरलेले नाही अशा मोठ्या मुलासाठी ही तरतूद चांगली आहे. ज्याची आई उपचार घेऊन उभी राहते आहे, त्या मुलाच्या बाबतीत मात्र दोन वर्षे मोजत बसलेले कुटुंब तिच्या विरोधातच उभे राहते. म्हणून जिल्हा कक्षांनी दत्तकाच्या यादीतले अर्जदार सरसकट इकडे वळवू नयेत. मूल देण्याआधीचे प्रशिक्षण एका दुपारच्या भाषणात उरकू नये. घरी परत जाण्याची शक्यता असलेल्या मुलासाठी मूल परत पाठवण्याची तयारी असलेले कुटुंब निवडावे आणि गृह अध्ययन अहवालात तसे स्पष्ट शब्दांत लिहावे.

आपले,
बालसंरक्षण क्षेत्रातील कार्यकर्ते