झोडपायचंय तर मोजून झोडप

गोरेगाव, मुंबई
रविवार रात्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

त्या मराठी सीक्वलवरच्या यूट्यूब रिव्ह्यूची तुझी बावीस पानांची संहिता वाचली, दोनदा वाचली. तू विचारलंस, 'फार कडक झालंय का रे?' ग्रुपवर तर सरळ दोन तट पडलेत. निम्मे म्हणतात आणखी धू, निम्मे म्हणतात मराठी सिनेमाला आधीच कुणी विचारत नाही, त्यात आपणच कशाला काठी घालायची. मला विचारशील तर संहिता कडक नाहीच, नुसती चिडकी आहे. चिडकं बोलणं पाच मिनिटं मजा देतं, नंतर ऐकणारा मोबाइल ओट्यावर उभा करून भाजी चिरायला घेतो.

ज्या धाटणीचा रिव्ह्यू तुला करायचाय, तिचा मूळपुरुष आठव. माइक स्टोक्लासा या अमेरिकन माणसाने डिसेंबर २००९ मध्ये 'स्टार वॉर्स' मालिकेतल्या 'द फँटम मेनेस'वर सत्तर मिनिटांचा व्हिडिओ टाकला. सिनेमा १९९९चा, म्हणजे राग दहा वर्षं मुरलेला. (काटेकोर बोलायचं तर तो सीक्वल नाही, पूर्वकथा आहे. पण अपेक्षाभंगाची जात तीच.) यूट्यूबवर तेव्हा एका व्हिडिओला दहा मिनिटांची मर्यादा होती, म्हणून सात तुकडे केले होते. निवेदक प्लिंकेट नावाचा काल्पनिक म्हातारा, घोगऱ्या आवाजाचा, विकृत. पुढे लोकांनी नक्कल केली ती त्या म्हाताऱ्याची: आवाज, शिव्या, तळघरातले किळसवाणे विनोद. त्या विनोदांवरून चाहत्यांची अजून जुंपते, आणि मलाही ते नको वाटतात. पण त्यातली टिकलेली गोष्ट वेगळी आहे. त्याने काही माणसांना समोर बसवून विचारलं: या पात्राचं वर्णन करा, फक्त ते दिसतं कसं, घालतं काय आणि धंदा काय करतं हे सांगायचं नाही. जुन्या 'स्टार वॉर्स'मधल्या हॅन सोलोवर लोक धडाधड बोलले. 'फँटम मेनेस'मधल्या क्वाय-गॉन जिनचं नाव काढल्यावर एकमेकांकडे बघत बसले. ही कसोटी कुणीही घरात बसून घेऊ शकतं, म्हणूनच ती झोंबली. २०११ मध्ये एका चाहत्याने त्या रिव्ह्यूला १०८ पानी उत्तर लिहिलं, मुद्द्यामागून मुद्दा खोडत. खोडण्याजोगं काही होतं म्हणून तर १०८ पानं भरली! तुझ्या 'भंगार', 'डोक्याची मंडई' आणि 'पैसे वाया'ला कुणी काय उत्तर देणार?

तेव्हा आधी संहिता बाजूला ठेव आणि तक्ता कर. पहिला सिनेमा आणि सीक्वल, दोन्हींचा. आठवणीवर एक ओळही लिहू नकोस. पहिला सिनेमा तुझ्या डोक्यात आहे तो सुट्टीतल्या दुपारी केबलवर पाहिलेला, आजच्या नजरेने पाहिलेला नाही. सीक्वल तीनदा बघ. पहिल्यांदा कागदपेन न घेता, जिथे हसू आलं किंवा कंटाळा आला ते फक्त लक्षात ठेवून. दुसऱ्यांदा प्रसंगागणिक नोंद. तिसऱ्यांदा फक्त मोजणी. तक्त्यात पाच रकाने पुरतात: वेळ, जागा, कोणाला काय हवंय, आड काय येतंय, प्रसंग संपताना काय बदललं. दोन-सव्वादोन तासांच्या सिनेमाच्या साधारण पन्नास ते सत्तर ओळी होतात. शेवटच्या रकान्यात 'काही नाही' असं जिथे ओळीने तीन-चारदा येईल, तिथेच प्रेक्षकाने मोबाइल काढलेला असतो. तुला आलेला कंटाळा आणि ती जागा जुळते का ते बघ. जुळली नाही तर दोष दुसरीकडे शोध, बऱ्याचदा तो संगीतात किंवा संकलनात सापडतो.

तक्त्यावर सिनेमा कुठे, कोणत्या तारखेला पाहिला आणि लांबी किती होती हे लिहायला विसरू नकोस. तमिळ दिग्दर्शक शंकरच्या 'इंडियन २'चं उदाहरण घे. १९९६च्या सिनेमाचा हा सीक्वल जुलै २०२४ मध्ये आला, ओरड झाली, आणि प्रदर्शनानंतर त्यातली बारा मिनिटं कापली. आता पहिल्या दिवशी पाहणारा आणि आठवड्याने पाहणारा भांडू लागले तर दोघेही खरं बोलत असतात, सिनेमेच दोन असतात.

आता मुख्य गोष्ट, जी तुझ्या बावीस पानांत कुठेच नाही. पहिला सिनेमा कशावर चालला होता? कलाकारांवर, गाण्यांवर हे उत्तर मला नको. यंत्र कोणतं होतं ते सांग. १९९३चा 'झपाटलेला' घे. लोक बाहुला म्हणतात, मंत्र म्हणतात. पण सगळा डोलारा एका नियमावर उभा आहे: बाहुल्यात शिरलेल्या खुनी तात्या विंचूने आपलं गुपित ज्याला पहिल्यांदा सांगितलं, त्याच्याच देहात त्याला शिरता येतं. या एका अटीमुळे खुन्याला नायक जिवंत हवा असतो. म्हणून तो लक्ष्याला मारून मोकळा होत नाही, मागे लागतो. म्हणून भीती आणि विनोद एकाच खोलीत नांदतात. हा नियम काढ आणि बाहुला नुसता चाकू घेऊन पळताना बघ, अर्ध्या तासात संपेल. कोणत्याही सीक्वलला पहिला प्रश्न हाच: नियम पाळला, बदलला की विसरला? बदलला असेल तर बदल्यात काय दिलं?

किंवा 'नवरा माझा नवसाचा'. २००४ मध्ये एसटी बस होती, वीस वर्षांनी दुसऱ्या भागात कोकण रेल्वे आली. दुसरा भाग आवडला-नावडला ते सोड. समीक्षकाने विचारायचं ते हे: बसमध्ये दार एक, कंडक्टर एक, आणि सगळे प्रवासी एकमेकांच्या नजरेत. एकजण पचकला की चाळीसजणांना ऐकू जातं. म्हणून तिथे लपवाछपवी रंगते. गाडीला डबे असतात, माणसं विखुरतात, प्रत्येक वेळी कुणीतरी उठून कुणाकडे तरी जावं लागतं. दिग्दर्शकाने ही अडचण कशी सोडवली, की सोडवलीच नाही? असं विचारलंस की चाहताही भांडण विसरून विचारात पडतो.

तुझं एक वाक्य हातात घेऊन दाखवतो. पान सात: 'हिरोईनला शोपीससारखं उभं केलंय.' हे वाक्य कुठल्याही सिनेमाला चिकटवता येतं. तक्ता उघड. समज, ती चौदा प्रसंगांत आहे. त्यातल्या किती प्रसंगांत तिने काही ठरवलं, आणि त्या ठरवण्याने पुढचा प्रसंग हलला? समज, दोन. मग लिही: 'चौदापैकी दोन प्रसंगांत ती निर्णय घेते. त्यातला एक चहात साखर किती घालायची हा आहे.' दोन ओळी, शिवी नाही, आणि लागतं कुठे ते बघ. आणि पहिल्या भागातला आकडा शेजारी ठेवायला विसरू नकोस. तोही दोनच निघाला, तर मुद्दा गपचूप काढून टाक. चाहते बरोबर तिथेच पकडतात: 'ओरिजिनलमध्ये तरी काय वेगळं होतं?' हा प्रश्न त्यांच्याकडून येण्याआधी तू स्वतःला विचारलेला बरा.

लांबीचं गणित. पानाला तीनशे शब्द धर, बावीस पानांचे सहा हजार सहाशे. मराठी निवेदन मिनिटाला एकशेवीस शब्दांनी नीट ऐकू येतं, म्हणजे नुसतं बोलणं पंचावन्न मिनिटं, क्लिपा आणि थांबे वेगळे. चार हजार शब्दांवर आण. आठ मिनिटांच्या वरच्या व्हिडिओत मधेच जाहिराती टाकता येतात, म्हणून अनेकजण चार मिनिटांचा माल नऊ मिनिटं ताणतात, आणि ताणायला सर्वांत स्वस्त मसाला म्हणजे आरडाओरडा. तुला ती गरज नाही.

आवाज घरीच कर, पण रात्री अकरानंतर. तुझ्याकडे रुळांची बाजू आहे. लोकलची घरघर मागाहून काढायला गेलास की आवाज डब्यात बसून बोलल्यासारखा होतो. पंखा बंद, फ्रिजचं बटण बंद (सकाळी चालू करायचं लक्षात ठेव, नाहीतर वहिनी माझं नाव घेतील), माइकच्या मागे आणि तुझ्या पाठीमागे एकेक गोधडी. माइक तोंडापासून वीतभर आणि जरासा तिरका, म्हणजे 'फ' आणि 'भ' फुटत नाहीत. सर्वांत मोठा आवाज उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नकोस. रागाच्या ओळीला तू ओरडणार हे ठरलेलंच आहे, तेव्हा पातळी त्या ओळीवर लाव, पहिल्या ओळीवर नाही. शेवटी सगळं मिळून उणे १४ एलयूएफएसच्या (एकंदर आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आसपास ठेव. त्याहून मोठं केलंस तर यूट्यूब स्वतःच खाली आणतं. माइकची साधी वायर हवी असेल तर लॅमिंग्टन रोडला जा, ऑनलाइन मागवून आठवडा घालवू नकोस.

आता क्लिपा. थिएटरात मोबाइल वर करायचा नाही, दोन सेकंदांसाठीही नाही. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या २०२३च्या दुरुस्तीने त्याला किमान तीन महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाखांचा दंड आहे. ओटीटीवरून रेकॉर्ड करायला गेलास तर पडदा काळा येतो. ते कुलूप आहे, तोडायच्या नादी लागू नकोस. ट्रेलर, टीझर, पोस्टर आणि तुझा तक्ता एवढ्यावर चाळीस मिनिटं आरामात निघतात. तक्ता पडद्यावर दिसला की उलट वजन वाढतं. क्लिप पाच ते आठ सेकंदांची, तिच्यावर तुझं बोलणं चालू, आणि मूळ संगीत बंद. संगीत बंद कशासाठी, तर सिनेमा निर्मात्याचा आणि गाणं बहुधा म्युझिक कंपनीचं असतं. एका क्लिपवर दोन वेगवेगळे कॉपीराइट क्लेम येऊ शकतात, आणि यूट्यूबची आपोआप पकडणारी यंत्रणा सूर फार पटकन ओळखते.

क्लेम आला तर घाबरू नकोस, क्लेम आणि स्ट्राइक वेगळे. क्लेममध्ये बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे समोरच्याकडे जातात किंवा व्हिडिओ अडतो. स्ट्राइक म्हणजे कायदेशीर मागणीवरून व्हिडिओ उतरवणं, आणि नव्वद दिवसांत तीन झाले की चॅनल जाऊ शकतं. क्लेमवर हरकत पाच दिवसांच्या आत घेतलीस तर पैसे पहिल्या दिवसापासून अडवून ठेवले जातात, कुणालाच मिळत नाहीत. मग समोरच्याला उत्तराला तीस दिवस असतात. हरकतीत 'मी छोटा क्रिएटर आहे' वगैरे रडगाणं नको. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ टीका आणि समीक्षेसाठी रास्त वापराला मुभा देतं. कोणत्या सेकंदाला कोणती क्लिप आहे आणि तिच्यावर तू कोणता मुद्दा मांडतोयस, एवढंच लिही. ज्या क्लिपेसमोर मुद्दा लिहिता येत नाही ती क्लिप मुळात नकोच होती.

राहिला प्रश्न 'आपल्याच सिनेमाला' वाल्यांचा. त्यांना हसण्यावारी नेऊ नकोस, त्यांचं दुखणं खरं आहे. मल्टिप्लेक्सने दुपारी बारा ते रात्री नऊच्या वेळात मराठी सिनेमा दाखवावा म्हणून २०१५ मध्ये सरकारला हुकूम काढावा लागला होता, आणि आजही मराठी सिनेमाचं नशीब पहिल्या शनिवार-रविवारी ठरतं. म्हणून काय गप्प बसायचं? तमिळ निर्मात्यांनी पहिले तीन दिवस रिव्ह्यूच नकोत अशी मागणी न्यायालयात केली होती. मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तशी अंतरिम बंदी घालायला नकार दिला, आणि बरंच केलं. पण तू पहिल्या शुक्रवारी रात्री टाकूही नकोस. दया म्हणून नव्हे. एकदा पाहून तक्ता होत नाही, दुसरं तिकीट काढावंच लागतं, आणि मोजणी नीट व्हायला ओटीटीची वाट बघावी लागते. तोपर्यंत गल्ल्याचा निकाल लागलेला असतो आणि भांडण फक्त सिनेमाबद्दल उरतं.

कमेंटमध्ये 'तू करून दाखव' येईल, त्याला उत्तर देऊ नकोस. 'लहान मुलांसाठी आहे' असं कुणी म्हणालं तर विचार, पहिला कोणासाठी होता? 'किती पैसे घेतलेस?' याला एकच औषध: तिकिटाचे पैसे स्वतः भर आणि ते पहिल्या मिनिटात सांग. आणि कुणी तुझी मोजणी चुकल्याचं वेळेसकट दाखवलं, तर त्याची कमेंट वर पिन कर आणि खाली दुरुस्ती लिही.

पान अकरा आणि पान एकोणीस आजच फाडून टाक. अकरावर नटाच्या पोटावरचे विनोद आहेत, एकोणीसवर निर्मात्याच्या घरच्यांचा उल्लेख. दोन्हींचा सिनेमाशी काडीचा संबंध नाही आणि दुसऱ्यावर तर नोटीस येऊ शकते. थंबनेलवरचा लाल बाण ठेव हवा तर, पण रडणारा इमोजी काढ.

तक्ता झाला की पहिल्या सिनेमाच्या वीस ओळी आधी पाठव. सीक्वलचा नंतर बघू.

वहिनींना नमस्कार, पिल्लूला पापा.

तुझा,
मकरंद

ता. क. संहितेत 'कथानक' हा शब्द एकतीस वेळा आलाय. मोजलाय.