बाळाला क्रूझवर नेताय? आधी वय विचारा

माननीय संपादक,
सुट्टीत क्रूझला जायचं फॅड आता आपल्या सोलापुरातपण आलंय, म्हणून लिहितेय. आम्ही मुंबई-गोवा क्रूझ बुक केली तेव्हा बाळ पाच महिन्यांचं होतं आणि एजंट म्हणाला, "लहान लेकराचं काय टेन्शन नाही ओ ताई." नंतर कळलं की बऱ्याच क्रूझ कंपन्या सहा महिन्यांच्या आतलं बाळ घेतच नाहीत, आणि सलग बरेच दिवस समुद्रातच असणारी लांबची सफर असेल तर बारा महिने पूर्ण लागतात. म्हणजे सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्रभर जागून सीएसएमटीला उतरायचं, टॅक्सीनं बॅलार्ड पियर गाठायचं आणि तिथून परत यायचं! नशीब, वेळेत कळलं. तारीख बदलली, पैसे कापले गेले ते वेगळंच.

दुसरं म्हणजे स्विमिंग पूल. डायपरवाल्या पोरांना मोठ्या पूलमध्ये बहुतेक जहाजांवर सोडत नाहीत, स्विम डायपर घातला तरी नाही, त्यामुळं माझी लेक काठावर बादलीत हात बुडवून बसली आणि खूशपण होती म्हणा. केबिनमध्ये एसी इतका गार की सासूबाईंनी हट्टानं बॅगेत कोंबलेली सोलापुरी चादरच कामाला आली (मी नको म्हणत होते).

बुकिंग घेतानाच एजंटनं बाळाची जन्मतारीख विचारावी आणि वयाची अट मराठीत लिहून द्यावी, एवढंच म्हणणं आहे.

- एक आई, जुळे सोलापूर