पावाची कृती आमच्या उन्हाळ्याला धरून द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी ब्रेड करण्याची कृती अधूनमधून येते. गेल्या एप्रिलमध्ये तिचे कात्रण काढून मी ब्रेड करायला घेतला आणि लागोपाठ तीनदा फसला. मी ३४ वर्षे सरकारी दवाखान्यात औषधनिर्माता होतो. चिठ्ठीत लिहिलेले मोजून द्यायचे, अंदाजाने काही द्यायचे नाही, हे हाडीमाशी खिळलेले आहे. म्हणून तिसऱ्या वेळी पीठ बदलले तेवढे सोडून कृती शब्दशः पाळली. तरी फसली, तेव्हा कुठे चुकले ते वहीत लिहायला सुरुवात केली. त्या वहीच्या आधारावर हे पत्र लिहीत आहे.

आधी कारण सांगतो. दोन वर्षांपूर्वी पत्नीला कवळी बसली. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि ठेचा यांवर वाढलेली ती, पण भाकरी चावेना. चहात पाव बुडवून खाऊ लागली. तिला साखरेचाही त्रास आहे, डॉक्टरांनी मैदा कमी करायला सांगितले. बाजारचा पाव वाईट असे मी म्हणणार नाही. पिठात घातल्या जाणाऱ्या पोटॅशियम ब्रोमेट या अपायकारक रसायनावर २०१६ साली बंदी आली, आणि आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीचा पाव आम्ही वर्षानुवर्षे आवडीने खाल्ला आहे. मला फक्त कणकेचा, मऊ आणि कमी गोड पाव हवा होता.

कृतीत लिहिले होते, 'यीस्ट कोमट पाण्यात घाला.' आमच्या जळगावात एप्रिलच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीचे पाणी नळाला येते ते ४३ अंशांचे. थर्मामीटर घालून पाहिले आहे. मी ते 'कोमट' करायचे म्हणून आणखी गॅसवर ठेवले. यीस्ट हा जिवंत जीव आहे, ५५-६० अंशांपर्यंत पाणी गेले की तो मरतो. पीठ तसूभरही वर आले नाही. आता उन्हाळ्यात मी माठातले पाणी घेतो. यीस्टची पुडी उघडली की हवाबंद बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवतो, आणि जुनी असेल तर चिमूटभर साखरेच्या पाण्यात टाकून दहा मिनिटांत फेस येतो का ते बघतो. फेस आला नाही तर ती फेकून द्यायची, पीठ वाया घालवायचे नाही.

दुसऱ्या वेळी यीस्ट जिवंत होते, पण 'उबदार जागी दोन तास ठेवा' या ओळीने घात केला. घरात ३९ अंश होते. चाळीस मिनिटांत पीठ दुप्पट झाले होते, दोन तासांनी झाकण काढले तर खाली बसलेले, आंबूस वासाचे, बोटाला तार लागणारे काहीतरी होते. जानेवारीत पहाटे स्वयंपाकघरात १४ अंश असताना त्याच मापाच्या पिठाला सव्वातीन तास लागले. म्हणजे दोन तास हा आकडा आमच्याकडे ना उन्हाळ्यात चालतो, ना हिवाळ्यात. त्याऐवजी एवढेच छापा: पीठ दुप्पट झाले की बोट कोरड्या पिठात बुडवून त्यात हलकेच खुपसा. खळगा लगेच भरून आला तर अजून थांबा. सावकाश, अर्धवट भरला तर भाजायला घ्या. तसाच राहिला तर उशीर झाला.

तिसऱ्यांदा मैद्याच्या जागी गिरणीतून दळून आणलेली कणीक घेतली, पाणी मात्र मैद्याच्या मापाचेच. घट्ट गोळा झाला आणि पाव विटेसारखा. दगडी जात्यावर दळलेल्या पिठातला स्टार्च जास्त फुटतो, कोंडाही पाणी पितो, त्यामुळे कणकेला पाणी जास्त लागते. शिवाय कोंडा ते हळूहळू पितो, म्हणून पीठ भिजवून अर्धा तास तसेच ठेवायचे आणि मग मळायचे.

मळण्याचे मात्र मला पत्नीने शिकवले. मी वीस मिनिटे मळून घामाघूम झालो होतो. ती ओट्याशी आली, लिंबाएवढा गोळा तोडला, तेलाचा हात लावला आणि दोन्ही हातांच्या बोटांवर सावकाश ताणू लागली. मध्येच भोक पडले. ''अहो, ही अजून मांड्याची झाली नाही,'' म्हणाली. तिच्या माहेरी अक्षय्य तृतीयेला खापरावर मांडे होतात. त्याची कणीक पाण्याचा हात लावत, आपटत, ओढत एवढी मळतात की पुरण भरलेला गोळा हातांवर फिरवत कोपरापर्यंत पसरला तरी फाटत नाही. तिने बाह्या सावरल्या आणि माझे पीठ परातीत आपटायला घेतले. ओढायचे, दुमडायचे, पुन्हा आपटायचे. दहा मिनिटांनी पुन्हा गोळा ताणला, खिडकीसमोर धरला, तर पलीकडची तिची बोटे दिसत होती. त्या दिवशीचा पाव पहिल्यांदा हाताने दाबल्यावर परत वर आला. 'पीठ मऊसूत मळावे' या तीन शब्दांऐवजी 'मांड्यासारखे ताणून बघावे' एवढे लिहिले असते, तर खानदेशातल्या प्रत्येक घरात ते कळले असते.

पाव हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला. पण गोव्यातल्या पोदेरांनी (पाव करणाऱ्यांनी) पूर्वी माडाच्या सुरेवर (माडीवर) पीठ आंबवले, म्हणजे कृती तिथल्या माडाला आणि हवेला धरून बसवली. आपल्याकडे छापून येणारी कृती थंड देशातल्या स्वयंपाकघरातून उचललेली दिसते, याचे मला खरेच वाईट वाटते. नवीन माणूस एकदा फसला की 'आपल्याला जमत नाही' म्हणून सोडून देतो.

आणि कृपा करून कप बंद करा. आमच्या घरातल्या २४० मिलिलिटरच्या कपात मैदा सैल भरला तर ११८ ग्रॅम बसला, दाबून भरला तर १५२. एवढ्या फरकात पाव बिघडतोच. बेकरीवाले पिठाला १०० धरून बाकी सगळे त्या हिशेबात मोजतात. माझे सध्याचे माप असे आहे: कणीक २०० ग्रॅम, मैदा १००, पाणी २१०, मीठ ६, इन्स्टंट यीस्ट ३, तेल एक चमचा. एप्रिल-मे महिन्यांत यीस्ट निम्मे करतो.

ओव्हन सगळ्यांकडे नसतो, आमच्याकडेही नाही. कुकरची शिट्टी आणि रबर काढून तळाला वाटीभर मीठ पसरतो, पाणी अजिबात घालत नाही, वर जाळी ठेवून दहा मिनिटे तापवतो. मग पिठाचा डबा ठेवून मध्यम आचेवर ४० मिनिटे. वरून रंग येत नाही, म्हणून काढल्यावर तव्यावर दोन-तीन मिनिटे उलटा ठेवायचा. कापायची घाई करू नये, तासभर थांबावे, नाहीतर आत गिळगिळीत लागतो.

माझ्या वहीत एप्रिलपासून आजपर्यंतच्या ६१ पावांची नोंद आहे. तारीख, खोलीचे तापमान, पाणी किती, पीठ दुप्पट व्हायला किती वेळ, आणि शेवटच्या रकान्यात पत्नीचे मत. पुरवणीच्या संपादकांना उपयोगी पडणार असेल, तर तिची झेरॉक्स काढून पोस्टाने पाठवतो. अक्षर सुवाच्य आहे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त औषधनिर्माता, जळगाव