नोटीस पोचली, सुया पोचल्या नाहीत: आरोग्यमंत्र्यांना एका भूलतज्ज्ञाचे खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सा. न. वि. वि.

सीझरच्या बाया जिल्ह्याला 'रेफर' का होतात, असा खुलासा मागणारी नोटीस या आठवड्यात आमच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या भूल विभागाला मिळाली. विभाग म्हणजे एकच माणूस. दुसरे पद भरू, असे मॉड्युलर ओटीची (नव्या ऑपरेशन थिएटरची) फीत कापताना आपणच जाहीर केले होते. म्हणून खुलासा थेट आपल्याला.

सीझरला भूल मणक्यातून देतात. त्यासाठी लागते ०.५ टक्क्याचे हेवी ब्युपिव्हाकेन, जेमतेम २ मिली. हेवी म्हणजे त्यात डेक्स्ट्रोज असते. औषध जड होऊन खाली बसते आणि भूल कुठवर चढेल हे बऱ्यापैकी आपल्या हातात राहते. भांडारातून येते काय? २० मिलीची साधी बाटली, टिकण्यासाठी रसायन घातलेली. ती मणक्यात टोचायची नसते. सुई २६ नंबरची मागितली की २३ची हातात पडते. जाड सुईने आतल्या पडद्याला मोठे भोक पडते, मणक्यातले पाणी झिरपत राहते आणि बाळंतीण उठून बसली की डोके ठणकू लागते. आडवी झाली की उतरते. तिने बाळाला बसून पाजायचे कसे, ते खरेदी समितीने सांगावे.

भूल चढली की काही मिनिटांत रक्तदाब कोसळतो. पोट डावीकडे कलवायचे, सलाईन भरभर सोडायचे, रक्तदाब चढवणारे मेफेंटरमिन ६ मिलिग्रॅम शिरेतून द्यायचे. हे इंजेक्शन संगणकावर 'उपलब्ध' आहे, कपाटात नाही. स्क्रीन दाखवून बीपी चढत असते तर आम्ही तीही दाखवली असती.

भुलीचे नवे मशीन मात्र झकास आहे. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफसुद्धा आहे! श्वासाची नळी चुकून अन्ननलिकेत गेली तर त्याची रेघ काही श्वासांतच सपाट होते. बोटावरचा ऑक्सिमीटर, आधी भरपूर ऑक्सिजन दिलेला असेल तर, पुढची काही मिनिटे ९८-९९ दाखवत बसतो. त्या कॅप्नोग्राफची सॅम्पलिंग लाइन, म्हणजे श्वासाचा नमुना नेणारी बारीक नळी, वाफेच्या पाण्याने तुंबली. नवी आली नाही. देखभाल ठेकेदाराने तक्रार फोनवरच 'निकाली' काढली. बी टाइप सिलिंडरमध्ये १५०० लिटर ऑक्सिजन, मिनिटाला १० लिटरच्या धारेला अडीच तास. तो अर्धा आला की भरलेला, हे चावी फिरवून बघायलाही माणूसच लागतो, साहेब.

भूलतज्ज्ञ दोन तालुक्यांत वाटलेला असल्यामुळे केस कधी लागेल कोणालाच ठाऊक नसते. मग सिस्टर सगळ्यांनाच रात्रीपासून निर्जळी ठेवतात. खरे तर हलके खाणे ६ तास आधीपर्यंत आणि साधे पाणी २ तास आधीपर्यंत चालते. हर्नियाची पोरे दुपारपर्यंत कोरड्या तोंडाने रडतात. ऑपरेशननंतर गुंगीत जीभ मागे पडते. पहिला तास हनुवटी उचलून धरायला कोणीतरी शेजारी हवे. त्या वेळी एकटी सिस्टर अख्खा वॉर्ड बघत असते.

आणि भूलतज्ज्ञाने रजा मागितली की शेरा येतो, 'पर्यायी व्यवस्था करून जावे'. कोणती? आई आजारी असो की स्वतःला ताप, फोन उचलायचा, ओटीत उभे राहायचे आणि नातेवाइकांच्या शिव्याही खायच्या. आता वरून तुमचा खुलासा.

औषधखरेदी आधी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे दिलीत, मग २०२३ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केलात. पाटी बदलली, आमचे मागणीपत्रक तिथेच. एमबीबीएस डॉक्टरांना सीझरपुरती भूल शिकवायची केंद्राची योजना आहे. शिकून आलेल्याची बदली ओटीच नसलेल्या आरोग्य केंद्रात होते. ही बदली करणाऱ्याला खुलासा कोण मागतो?

निदान हेवी, मेफेंटरमिन, २६च्या सुया आणि ती सॅम्पलिंग लाइन स्थानिक खरेदीतून घ्यायला परवानगी द्या. फाइल तुमच्या टेबलावर नसेल तर सचिवांच्या असेल, तिथेही नसेल तर वित्त विभागात. शोधायला माणूस हवा असेल तर आमच्याकडे मागू नका.

आपला,
एक सरकारी भूलतज्ज्ञ